ती चौऱ्याऐंशी पाकिटं कुणाची?

*बाई, सा. न. वि. वि.*

*मी खानापूर तालुक्यातली. विद्यापीठात औद्योगिक मानसशास्त्रात पीएच.डी. करते, तिसरं वर्ष चालू आहे. लॅबमध्ये सर, दोन सीनियर आणि मी. माझा विषय फौंड्रीतल्या, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यातल्या, कामगारांचा ताण आणि झोप. बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत माझा मामा अठरा वर्षं मोल्डिंगला आहे, त्याच्या ओळखीनं परवानगी मिळाली. त्यानंच सगळ्यांना सांगितलं, 'पोरगी आपली हाय, भरून द्या.' ८४ जणांनी प्रश्नावली भरून पाकिटात घालून दिली. पाकिटावर नाव नाही, नंबर आहे. सहा महिन्यांनी त्याच माणसांना परत विचारायचंय, म्हणून कुठला नंबर कुणाचा ही यादी माझ्याकडे आहे. आता मॅनेजर म्हणतात, ज्यांचा ताण जास्त आलाय त्यांची नावं द्या, आम्ही त्यांना भट्टीवरून हलवू, समुपदेशन देऊ. सर म्हणतात, देऊन टाक, दुसरी फेरी त्यांच्याच हातात आहे. बैलहोंगलकडचा सीनियर म्हणतो, नाही दिलंस तर कुठलाच कारखाना आपल्याला दारात उभं करणार नाही. मॅनेजर वाईट नाहीत, बाई. 'रात्रभर न झोपलेला माणूस वितळलेल्या धातूची लाडल धरतो, उद्या काही झालं तर जबाबदार कोण?' असं त्यांनी विचारलं, तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. शिवाय प्रश्नावलीचं मराठी भाषांतर सगळं मी केलं आणि सरांनी पाठवलेल्या पेपरात माझं नाव तिसरं आहे, पण ते राहू द्या.*

*– एक संशोधक*

प्रिय मुली,

नावं देऊ नकोस.

कारणं सांगतेच, पण त्याआधी एक काम आजच्या आज कर. ती यादी आत्ता कुठं आहे ते तू लिहिलेलं नाहीस. लॅबच्या कॉम्प्युटरवर उत्तरांच्या फाईलशेजारीच असेल, तर ती तिथून हलव. कागदावर उतरवून पाकीट चिकटव आणि उत्तरपत्रिका ज्या कपाटात आहेत त्या कपाटात न ठेवता दुसऱ्या कुलपात ठेव. मेलमधून कुणाला पाठवली असशील तर तिथलीही काढून टाक. मात्र हे सरांना सांगून कर. गुपचूप केलंस तर उद्याचं सगळं बोलणं त्या गुपचूपपणावरच घसरेल आणि मूळ मुद्दा बाजूला पडेल.

आता मॅनेजरांचा प्रश्न. तो खरा आहे, आणि त्याला बगल देऊन तुला सल्ला देणं मला जमणार नाही. वितळलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, चौदाशे डिग्रीच्या आसपास असतं. ओतताना हात हलला, साच्यात ओल राहिली, की ते उडतं, आणि बुटाच्या वरून आत गेलेला थेंब काय करतो ते मी पाहिलं आहे. झोप न झालेल्या माणसाच्या हातात लाडल नसावी हे मॅनेजरांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. त्यासाठी त्यांनी काढलेली वाट मात्र चुकीची आहे. 'भट्टीवरून हलवू' म्हणजे त्या माणसाची ओटी (ओव्हरटाईम) गेली. ओटीचा दर दुप्पट असतो, त्याच्यावरच गाडीचा हप्ता नाहीतर पोराची कॉलेजची फी चाललेली असते. आणि 'डोक्याच्या त्रासामुळं हलवला' ही बातमी कारखान्याच्या गेटवर थांबत नाही. मच्छे, पिरनवाडी, देसूर, येळ्ळूर, सगळे एकमेकांच्या ओळखीचे. ती बातमी त्याच्या मुलीच्या सोयरिकीपर्यंत जाते. खरं सांगितलं म्हणून ज्याचं नुकसान झालं, तो पुढच्या वेळी झोपेबद्दल कुणाला काही सांगेल का?

हे मी पुस्तकातून सांगत नाही. मी बावीस वर्षं कामगार कल्याण अधिकारी होते. कारखान्यात ५०० किंवा जास्त कामगार असले की तेव्हाच्या १९४८ च्या कारखाना कायद्यानं हे पद ठेवावंच लागायचं. एका ठिकाणी मी कॅन्टीनच्या दाराशी सूचनापेटी लावली. नाव लिहायचं नाही, मनात असेल ते लिहून टाका, असं मीच प्रत्येक खात्यात फिरून सांगितलं. पहिल्या महिन्यात एकवीस कागद आले. त्यातला एक नाईट शिफ्टबद्दल होता: रात्री दोननंतर प्यायला गार पाणी नसतं, आणि सुपरवायझर झोपलेले असतात. अक्षर चांगलं होतं. 'ळ' मात्र वेगळाच, खालची गाठ डावीकडे लांब ओढलेला, शेपटीसारखा. वरिष्ठांनी कागद 'नुसते वाचायला' मागितले. मी गठ्ठा उचलून दिला. विचारसुद्धा केला नाही.

पंधरा दिवसांत एक माणूस मशिन शॉपमधून फेटलिंगला गेला. कामाच्या सोयीसाठी, असं पत्रात होतं. फेटलिंग म्हणजे दिवसभर ग्राइंडर, धूळ आणि कानठळ्या. त्याच्या रजेच्या अर्जाची फाईल माझ्याच कपाटात होती. उघडून पाहिली. तोच 'ळ'.

त्यानं मला कधी काही विचारलं नाही. गेटवर भेटला की पूर्वीसारखाच नमस्कार करायचा. पेटीत मात्र त्यानंतर वर्षभर गुटख्याच्या रिकाम्या पुड्यांखेरीज काही पडलं नाही. आज इतकी वर्षं झाली, कुणाच्या हस्ताक्षरात तसा 'ळ' दिसला की माझ्या पोटात कालवतं. तुझ्याकडे ८४ माणसांचं असं लिहिलेलं आहे, मुली, आणि त्यातला एक तुझा मामा आहे.

तुझ्या सरांना नीती सांगितलेली कदाचित आवडणार नाही, म्हणून शास्त्राच्या बाजूनं सांग. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यातले १९२४ ते १९३२ चे प्रयोग त्यांनी तुम्हाला शिकवलेच असतील. उजेड कमी-जास्त केला, विश्रांतीच्या वेळा बदलल्या, तो भाग सगळ्यांना पाठ असतो. त्याच कारखान्यात १९२८ पासून वीस हजारांहून जास्त कामगारांच्या मुलाखती घेतल्या, हा भाग वर्गात घाईनं उरकतात. तुझं बोलणं नावासकट वर जाणार नाही, असा भरवसा दिल्याशिवाय तिथं कुणी तोंड उघडलं नसतं. आणि त्याच प्रयोगातली दुसरी गोष्ट: खोलीत बसून जोडणी करणाऱ्या ज्या मुलींवर निरीक्षण चाललं होतं, त्यांतल्या दोघींना १९२८ च्या जानेवारीत काढून त्यांच्या जागी दुसऱ्या दोघी आणल्या. फार बोलतात, ही त्यांच्याबद्दलची तक्रार. त्यानंतर उत्पादन वाढलं ते विश्रांतीमुळं की माणसं बदलल्यामुळं, यावर अभ्यासक अजून भांडतात. तुझ्या ८४ मधले दहा जण पहिल्या फेरीनंतर उचलून दुसऱ्या खात्यात टाकले, तर दुसऱ्या फेरीत तू नक्की काय मोजणार आहेस? हे सरांना विचार. हा प्रश्न त्यांना टाळता येणार नाही.

एमी एडमंडसन यांचं कामही त्यांना आठवून दे. अमेरिकेतल्या रुग्णालयांमध्ये औषधांच्या चुका मोजताना त्यांना दिसलं की ज्या वॉर्डांत वातावरण चांगलं, तिथं चुका जास्त नोंदल्या जातात. चुका जास्त होत होत्या असं नाही, तिथल्या नर्सना त्या सांगायची भीती वाटत नव्हती. १९९६ चं काम आहे ते. तुझ्या फौंड्रीत नावं गेली की दुसऱ्या फेरीत सगळ्यांचा ताण उतरलेला दिसेल. मॅनेजर खूश होतील, सर आलेख काढतील, आणि एकाही माणसाची झोप वाढलेली नसेल.

मग मॅनेजरांना द्यायचं काय? रिकाम्या हातानं जाऊ नकोस, ते मला अजिबात मान्य नाही. त्यांनी दार उघडलं, कामाचा वेळ दिला. त्यांना हवं आहे ते तुझ्याकडे नावांशिवायही आहे. कुठल्या पाळीत झोप सर्वांत कमी, सलग किती नाईट झाल्या की ती तुटते, डबल ड्युटीनंतरच्या दिवशी माणूस काय लिहितो, हे काढून दे. त्यातून एकच नियम निघाला तरी पुरे: डबल ड्युटी करून आलेल्याला, मग तो कोणीही असो, त्या दिवशी ओतायला उभं करायचं नाही. हा नियम सगळ्यांना सारखा, म्हणून कुणाच्या कपाळावर शिक्का बसत नाही. 'जबाबदार कोण' या प्रश्नाचं उत्तर पाळ्यांच्या तक्त्यात आहे, आणि तो तक्ता मॅनेजरांच्या हातात आहे. हे नम्रपणे, पण सांग.

फक्त गट पाडताना सांभाळ. कोअर शॉपमध्ये, म्हणजे साच्याचे आतले भाग करतात त्या खात्यात, चारच बायका असतील तर 'कोअर शॉप, महिला' असा रकाना म्हणजे नावंच दिल्यासारखं. दहाच्या खालचा गट दाखवायचा नाही असं लॅबमध्ये ठरवून टाका. मोकळ्या जागेत लिहिलेली उत्तरं तर जशीच्या तशी कुणालाच दाखवू नकोस. माझा 'ळ' लक्षात ठेव.

आणखी एक विचारते, जरा विषयाबाहेरचं वाटेल. पहिली फेरी कुठल्या महिन्यात झाली? जुलैत झाली असेल तर थांब आणि विचार कर. आपल्याकडचा फौंड्रीतला निम्मा कामगार शेतकरी आहे. नाईट संपवून सकाळी सातला घरी पोचतो आणि चिखलात रोप लावायला उतरतो. त्या महिन्यातली त्याची झोप भट्टीनं खाल्ली की भातानं, हे तुझ्या प्रश्नावलीत कुठं आहे? सहा महिन्यांनी, जानेवारीत, तोच माणूस छान झोपलेला असेल, आणि त्याचं श्रेय समुपदेशनाला जाईल. दुसऱ्या फेरीत शेतीच्या कामाचे तास विचार. परदेशातून आलेल्या प्रश्नावलीत हा प्रश्न नसणारच, तो तुलाच घालावा लागेल.

एका बाबतीत मात्र गप्प बसायचं नाही. पाकिटांत कुणी जगण्याचा कंटाळा आल्याचं, जीव द्यावासा वाटल्याचं लिहिलं असेल, तर सगळं बाजूला ठेवून आधी सरांना सांग आणि दोघं मिळून त्या माणसाकडे जा. मॅनेजरकडे नाही, त्याच माणसाकडे. त्याच्या घरी किंवा तो म्हणेल तिथं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, तो लिहून दे. बेळगावात बिम्स या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात मानसोपचार विभाग आहे, धारवाडला डिमहान्स ही मानसिक आरोग्याची संस्था आहे. चिठ्ठी हातात ठेवून निघून येऊ नकोस, पहिल्या खेपेला कुणीतरी बरोबर जायला लागतं. आणि पुढच्या संमतीपत्रातच लिहा की जिवाला धोका दिसला तर आम्ही तुमच्याशी येऊन बोलू. म्हणजे तो शब्दही आधी दिलेला असेल.

सरांशी बोलायला जाताना कॉरिडॉरमध्ये गाठू नकोस. वेळ मागून घे. बरोबर दोनच कागद ने: कामगारांनी सही केलेलं संमतीपत्र, आणि नैतिकता समितीकडे पाठवलेला अर्ज. दोन्हींत 'माहिती गोपनीय राहील' हे वाक्य असणार, आणि अर्जावर सरांची सही असणार. ते वाक्य वाचून दाखव आणि म्हण, 'सर, हे आपण लिहून दिलंय, आता कसं करूया?' भांडणाचा सूर नको. 'आपण' म्हण, कारण शब्द लॅबनं दिला आहे, तू एकटीनं नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत नोकरीच्या उतरंडीमुळं ज्यांना 'नाही' म्हणणं अवघड जातं अशांची जास्त काळजी घ्यायला सांगितलं आहे, तेही दाखव. बोलणं झालं की दोन ओळींचा मेल कर: आज असं ठरलं. तरीही सर अडून बसले, तर यूजीसीच्या २०२२ च्या नियमावलीप्रमाणे दर सत्रात तुला संशोधन सल्लागार समितीसमोर उभं राहावं लागतंच. तिथं कामाची प्रगती सांगताना हा मुद्दा एक पद्धतीचा प्रश्न म्हणून मांड. तक्रार म्हणून मांडायची गरज पडणार नाही. मला वाटतं, तिथवर जाणारही नाही. फेरी हातची जाईल या धास्तीनं ते बोललेले दिसतात. मॅनेजरांना दुसरं काहीतरी ठोस मिळतंय म्हटल्यावर ती धास्ती कमी होईल.

सीनियरची भीती मी समजू शकते. उद्यमबागेतले मालक एकमेकांना ओळखतात. पण कामगार त्याहून जास्त ओळखतात. खानापूरच्या सकाळच्या बसमध्ये चार कारखान्यांची माणसं एका बाकावर बसतात. तिथं 'त्या पोरीनं नावं दिली' हे एकदा फिरलं, की मालकानं दार उघडूनही आत कुणी पेन हातात घेणार नाही. त्यालाही हे असंच सांग.

आणि आता जे तू 'राहू द्या' म्हणालीस ते. मी राहू देणार नाही.

'ताण' हा शब्द फौंड्रीत चालत नाही हे तुझ्या लक्षात आलं असणार. दोरीला ताण असतो, माणसाला टेन्शन असतं, नाहीतर डोक्याला ताप असतो. शेजारच्या मशिनवरचा कन्नड माणूस 'तले बिसी' म्हणतो, म्हणजे डोकं तापलंय. दोघांच्या भाषेत डोकंच तापतं, आणि हे दोघं दिवसभर भट्टीपुढं उभे असतात. मग 'डोक्याला ताप होतो का' असं विचारलं तर तो मनाचं सांगेल की उन्हाळ्याचं? हे ठरवायला इंग्रजी येऊन भागत नाही, त्या कॅन्टीनमध्ये बसावं लागतं. रिचर्ड ब्रिस्लिन यांनी १९७० मध्ये मांडलेली पद्धत, भाषांतर एकानं करायचं आणि मूळ न पाहिलेल्या दुसऱ्यानं ते परत इंग्रजीत आणायचं, तुम्ही वापरली असेल तर त्यात किती रात्री गेल्या ते तुलाच माहीत. प्रश्नावली तयार करणं हे संशोधनच आहे. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या आचारसंहितेत तर स्वच्छ लिहिलंय की विद्यार्थ्याच्या पीएच.डी.च्या कामावर मुख्यतः आधारलेल्या लेखात, अपवाद सोडता, पहिलं नाव विद्यार्थ्याचं. तुमचा पेपर तुझ्या प्रबंधातला आहे की लॅबच्या एकत्र कामातला, ते पत्रावरून मला कळत नाही. प्रबंधातला असेल तर विचार. एकत्र कामातला असेल तरी कुणी काय केलं ते लिहून काढा आणि मग क्रम ठरवा. सीनियरनं कन्नड भाषांतर केलं असेल तर त्याचंही त्यात येऊ दे, मग तो तुझ्या बाजूनं बोलेल. पण नावांच्या यादीचं बोलणं आणि हे बोलणं एकाच दिवशी करू नकोस. नाहीतर सरांना वाटेल, क्रमासाठी अडवतेय.

राहता राहिला मामा.

त्यानं 'पोरगी आपली हाय' म्हटलं आणि ८४ जणांनी भरून दिलं, हे वाचून मला भरून आलं आणि काळजीही वाटली. त्यांतल्या कितींनी स्वतःच्या मनानं भरलं, आणि कितींनी त्याचा शब्द मोडवेना म्हणून? अठरा वर्षांचा जुना माणूस सांगतोय म्हटल्यावर नवा पोरगा नाही म्हणेल कसा? उत्तरेकडून आलेली पोरं तर मुळीच म्हणणार नाहीत. दुसऱ्या फेरीला संमती नव्यानं घे, एकेकट्याला विचारून, आणि तेव्हा मामा तिथं नको. नको म्हणणाऱ्याला हसून 'बरं' म्हण आणि पुढं जा. आकडा ८४ वरून साठावर आला तरी चालेल.

या रविवारी घरी जा. मामा रोजच्यासारखा ओसरीवर बसलेला असेल, नखांत वाळू अडकलेली. त्याला कारखान्याची कागदपत्रं कळणार नाहीत असं धरून चालू नकोस, त्याला तुझ्या सरांपेक्षा जास्त कळतं. नावं मागितली होती, आम्ही दिली नाहीत, आणि त्याऐवजी पाळ्यांचा हिशेब देणार आहोत, एवढं त्याला सांग. सोमवारी सकाळच्या बसमध्ये तो ते बाकीच्यांना सांगेल. तुझ्या बाजूनं त्या लोकांना जायला हवी ती खबर तीच आहे, आणि ती तुझ्या तोंडून निघालेली असू दे.

सरांशी बोलणं झालं की मला लिही.

तुझी,
बाई